नात्सुमे युजिनचो: योकाई, नावांची वही आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'नात्सुमे युजिनचो' या जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकेबद्दलचे प्रश्न साधारण ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने दिले आहेत. सुरुवातीच्या प्रश्नांत, म्हणजे 'योकाई म्हणजे भूत का?' इथपर्यंत, कथेतलं काही फुटत नाही. त्यानंतर मात्र काही एपिसोडांचा शेवट उत्तरातच सांगितलेला आहे, तेव्हा जपून वाचा.

ही मालिका नेमकी कशाबद्दल आहे?

नात्सुमे ताकाशी हा शाळकरी मुलगा. आईवडील लहानपणीच गेले. त्याला योकाई, म्हणजे जपानी लोककथांतले अमानवी जीव, दिसतात, आजूबाजूच्या कुणालाच दिसत नाहीत. त्यामुळे 'खोटं बोलतो', 'विचित्र आहे' असा शिक्का बसून तो या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरत राहिला. शेवटी फुजिवारा या लांबच्या नात्यातल्या प्रौढ, मूलबाळ नसलेल्या जोडप्याने त्याला घरी आणलं, तिथून कथा सुरू होते. त्याची आजी रेइको हिलाही योकाई दिसत. ती त्यांना पैजेचं आव्हान द्यायची, हरवायची आणि हरलेल्याचं नाव कागदावर लिहून घ्यायची. त्या कागदांची बांधलेली वही म्हणजे 'युजिनचो'. वही वारसाहक्काने ताकाशीकडे आली आणि तो एकेकाचं नाव परत करत सुटला.

थोडक्यात, यात भुतांशी लढाई नाही. आजीने करून ठेवलेली देणी नातू फेडतो आहे. ज्यांना दर एपिसोडला मारामारी हवी असते ते तिसऱ्या भागापर्यंत कंटाळतात. त्यात मालिकेचाही दोष नाही आणि त्यांचाही नाही.

भीतीदायक आहे का? मुलांना दाखवावी का?

रक्तपात जवळजवळ नाही. अंगावर काटा येईल अशा जागा आहेत: पहिल्या सीझनच्या १२व्या एपिसोडमधला शाप, तिसऱ्या सीझनमधले ६ आणि ७. बाकी बहुतेक भाग भीतीपेक्षा हुरहूर लावणारे. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना मोठ्यांसोबत बसून पाहता येईल. अडचण भीतीची नसून सबटायटल वाचण्याच्या वेगाची असते. शिवाय ताकाशीच्या लहानपणीच्या प्रसंगांत नातेवाईक त्याच्यासमोरच 'याला आता कोण ठेवणार' असं बोलतात. काही मुलांना योकाईपेक्षा तेच जास्त लागतं.

एकूण किती एपिसोड आहेत आणि कोणत्या क्रमाने पाहावेत?

सात सीझन, ८६ एपिसोड. एक एपिसोड साधारण २४ मिनिटांचा, म्हणजे सगळं मिळून ३४ तासांच्या आसपास.

पहिला सीझन जुलै २००८, १३ भाग. दुसरा जानेवारी २००९, १३. तिसरा जुलै २०११, १३. चौथा जानेवारी २०१२, १३. मग मोठा खंड. पाचवा ऑक्टोबर २०१६, ११ भाग. सहावा एप्रिल २०१७, ११. सातवा ऑक्टोबर २०२४, १२. मधल्या काळात दोन चित्रपट आले, एक सप्टेंबर २०१८ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०२१ मध्ये. ते सहाव्या सीझननंतर, सातव्याच्या आधी बघा.

प्रदर्शनाचा क्रम हाच पाहण्याचा क्रम. सीझनच्या नावांत जपानी आकडे वापरले आहेत, पण दुसऱ्याच्या नावात आकडा नसून 'झोकु' हा शब्द आहे, तिथे गोंधळ होतो: झोकु दुसरा, सान तिसरा, शि चौथा, गो पाचवा, रोकु सहावा, शिचि सातवा. ओटीटीवर काही वेळा हे सगळे वेगवेगळ्या मालिका असल्यासारखे सुटे दिसतात. 'सान' लावून 'सुरुवात समजली नाही' म्हणणारे बहुधा इथेच चुकलेले असतात.

एपिसोड बहुतेक स्वतंत्र आहेत, म्हणून 'कुठूनही बघा' असा सल्लाही मिळतो. तो पहिल्या सीझनपुरता ठीक आहे. दुसऱ्यापासून मात्र माणसांची ये-जा लक्षात ठेवावी लागते. तानुमा कोण, ताकीला काय माहीत आहे, नातोरीपासून ताकाशीने कोणती गोष्ट लपवली आहे, हे ठाऊक नसेल तर पुढच्या साध्या संवादातला ताण कळतच नाही.

वेळ कमी आहे. आवडेल की नाही हे कशावरून ठरवू?

पहिल्या सीझनचे १, २, ६, ८ आणि ९ हे पाच. पहिल्यात वहीचे नियम कळतात. दुसरा एका छोट्या देवळीतल्या देवाचा. सहावा धरणात बुडालेल्या गावाचा. आठवा काजव्याचा. नवव्यात नातोरी हा मांत्रिक येतो आणि तोपर्यंत सोपं वाटणारं प्रकरण अवघड होतं. दुसरा आणि आठवा पाहूनही काही वाटलं नाही तर पुढे जाऊ नका. मालिका शेवटपर्यंत याच सुरात आहे, पुढे 'वेग घेते' वगैरे काही नाही.

सलग आठ-दहा भाग बघण्याने मात्र तिचं नुकसान होतं. रचना ओळखीची वाटू लागते, शेवट आधीच दिसतो. दिवसाला एक, फार तर दोन.

मराठीत आहे का? डब बघावं की सबटायटल?

मराठी डब किंवा मराठी सबटायटलची वाट बघत थांबू नका. इंग्रजी सबटायटलसह ती क्रंचीरोल या ॲनिमेच्या ओटीटीवर आलेली आहे. कोणत्या देशात कोणते सीझन दिसतात हे हक्कांनुसार बदलत राहतं, तेव्हा वर्गणी भरण्याआधी भारतातल्या खात्यावर सातही सीझन दिसतात का हे शोधून बघा.

मूळ जपानी आवाजातच बघा, असं आमचं ठाम मत. ताकाशीचा आवाज कामिया हिरोशी यांचा, त्याच्यासोबत राहणाऱ्या न्यांको सेन्सेई या मांजररूपी योकाईचा इनोउए काझुहिको यांचा. इनोउए एकाच पात्राला दोन आवाज देतात: मांजराच्या रूपात चिरका, खादाड म्हाताऱ्याचा, आणि मूळ रूपात खोल, दमदार. एखादी धमकी खरी आहे की नुसती बडबड, हे पुष्कळदा त्या आवाजावरूनच कळतं.

योकाई म्हणजे भूत का?

बहुतेक वेळा नाही. मेलेल्या माणसाचा आत्मा जपानी परंपरेत वेगळा धरतात, त्याला युरेइ म्हणतात. योकाई हा फार मोठा गोतावळा: म्हातारं झालेलं झाड, जुनी वस्तू, नदीतला काप्पा, कोल्हा, डोंगरावरचं काहीतरी, जागेला धरून असलेलं काहीतरी. १७७६ साली तोरियामा सेकिएन या चित्रकाराने त्यांचा सचित्र संग्रह छापला, आणि आज मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमेत दिसणाऱ्या कित्येक योकाईंचं रूप तिथून आलेलं आहे. नात्सुमेमधले योकाई मात्र बरेचसे मूळ मांगाच्या लेखिकेने स्वतः घडवलेले आहेत. कागदी मुखवट्यावर रंगवलेला एकच डोळा, माणसाच्या अंगावर बैलाचं डोकं, लांब बाह्यांचे किमोनो अशी त्यांची ठेवण.

मराठी वाचकाला एक खूण सांगता येईल. आपला मुंजा किंवा हडळ ही मेलेल्या माणसाची रूपं, ती इथे फारशी उपयोगी नाहीत. कोकण-गोव्यातला राखणदार अधिक जवळचा: जागेला बांधलेला, रोट मिळाला तर सांभाळणारा, विसरलात तर रुसणारा. तेवढं डोक्यात ठेवून बघायला बसलात तर पहिल्या दोन भागांतल्या निम्म्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

नाव परत करण्याची रीत नेमकी काय आहे?

ती पहिल्याच एपिसोडमध्ये दाखवली आहे, पण इतक्या झपाट्याने की पुष्कळांची निसटते.

एक: ज्याचं नाव परत करायचं तो योकाई समोर हवा. ताकाशी त्याचं रूप मनात आणतो आणि 'माझं रक्षण करणाऱ्या, तुझं नाव दाखव' अशा अर्थाचं वाक्य म्हणतो. वही आपोआप फडफडते आणि योग्य पान ताठ उभं राहतं.

दोन: ते पान फाडून तो दातांत धरतो.

तीन: दोन्ही तळवे टाळीसारखे जुळवतो, मन एकाग्र करतो आणि जोराने श्वास सोडतो. कागदावरची अक्षरं सुटून योकाईच्या कपाळात शिरतात.

हे का चालतं? बांधलेलं नाव सोडवायला रेइकोची लाळ आणि रेइकोचा श्वास लागतो. ताकाशी तिच्या रक्ताचा आहे, म्हणून त्याचाही चालतो. वही चोरणारा योकाई किंवा मांत्रिक त्या नावांवर हुकूम गाजवू शकेल, पण नावं सोडवू शकणार नाही. हा फरक लक्षात घेतला की वहीच्या मागे इतके जण का लागतात आणि ताकाशी ती कुणाला देऊन मोकळा का होत नाही, या दोन्हींचं उत्तर मिळतं.

काय बिघडू शकतं? योकाईचं रूप नीट दिसलेलं नसेल तर पान सापडत नाही. दोन पानं एकमेकांना चिकटलेली असतील तर एकाचं नाव एकट्याने सुटत नाही. दुसऱ्या एपिसोडमध्ये हेच होतं. आणि प्रत्येक वेळी ताकाशीची शक्ती जाते, कधी तो तिथेच कोसळतो. आसपास दुसरा कुणी टपून असेल तर सगळ्यात धोक्याचा क्षण हाच.

नाव सुटताना त्या योकाईच्या आठवणी ताकाशीच्या मनातून वाहत जातात. रेइकोबद्दल त्याला जे कळतं ते जवळजवळ सगळं असंच. मालिकेतली ही सगळ्यात हुशार सोय म्हणावी लागेल. पूर्वकथा सांगायला वेगळा निवेदक लागत नाही, आणि आजी शेवटपर्यंत तुकड्यातुकड्यांत, दुसऱ्यांच्या नजरेतूनच दिसते.

मग सगळी नावं एका दिवसात सोडवून का टाकत नाही? किंवा वही जाळून का टाकत नाही?

सोडवायला योकाई समोर यावा लागतो. कोण कुठे आहे, कोण अजून आहे की नाही, हे वहीत लिहिलेलं नाही. जाळण्याचा तर प्रश्नच नाही: पान जाळलं तर तो योकाई जळतो, फाडलं तर फाटतो. कागद म्हणजेच त्याचा जीव. फाडून दातांत धरलेलं पान त्याला इजा करत नाही, कारण ते सोडवण्याच्या विधीचा भाग असतं.

एकूण किती पानं, हा आकडा मालिका देत नाही. तो शोधण्यात वेळ घालवू नका.

हुकूम देण्यासाठी तो वही वापरतो का?

क्वचित. नाव उच्चारून बोलावलं तर योकाईला यावंच लागतं, आणि मिसुझुसारखा प्रचंड, घोड्याच्या रूपातला वरच्या दर्जाचा योकाईही त्याला अपवाद नाही. ताकाशी ही ताकद शक्यतो टाळतो. त्याचं खरं शस्त्र म्हणजे ठोसा. ज्यांना योकाई दिसतात त्यांना ते हातालाही लागतात आणि ताकाशीच्या अंगात शक्ती बरीच आहे, त्यामुळे तो ठोसा भल्याभल्यांना लोळवतो. सेन्सेईने तो सगळ्यात जास्त खाल्ला आहे.

न्यांको सेन्सेई मांजर आहे की लांडगा?

दोन्ही नाही. त्याचं खरं नाव मादारा. मूळ रूप म्हणजे लांडग्यासारखा दिसणारा मोठा पांढरा श्वापद. कुणीतरी त्याला मानेकी-नेकोच्या, म्हणजे दुकानात पंजा वर करून बसलेल्या शुभ मांजराच्या मूर्तीत कोंडलं होतं. पहिल्या एपिसोडमध्ये पळता पळता ताकाशीच्या पायात बंधनाची दोरी अडकते, तुटते आणि तो सुटतो. वर्षानुवर्षं त्या मूर्तीत राहिल्याने त्याला त्या रूपाची सवय झाली आहे, म्हणून सुटल्यावरही तो बहुतेक वेळ गोल गरगरीत मांजरच असतो.

याचा व्यवहारातला परिणाम महत्त्वाचा. मूर्ती ही खरी वस्तू असल्यामुळे मांजराच्या रूपात तो सगळ्यांना दिसतो. फुजिवाराबाई त्याला पाळलेलं मांजर समजून खाऊ घालतात. मूळ रूपात तो सामान्य माणसांना दिसत नाही. मग ताकाशी त्याच्या पाठीवर बसून उडतो तेव्हा लोकांना काय दिसतं? हा प्रश्न मालिका शिताफीने टाळते. ती उड्डाणं बहुधा रात्री किंवा रानात होतात.

करार असा: तो ताकाशीचा अंगरक्षक, मोबदल्यात ताकाशी मेल्यावर उरलेली वही त्याची. ताकाशी एकेक नाव सोडवतो तसतसा त्याचा वाटा पातळ होत जातो, यावर तो कुरकुरतोही. तरी जात नाही. त्याला आवडणाऱ्या गोष्टी, क्रमाने: साके (तांदळाची दारू), मांजू नावाची गोड सारणाची बन्स, फुजिवाराबाईंचा स्वयंपाक.

योकाई कुणाला किती दिसतात?

याच्या पायऱ्या आहेत, आणि त्या पाळल्या जातात. ताकाशीला आणि नातोरी, मातोबा या मांत्रिकांना स्पष्ट दिसतात. तानुमा कानामे हा देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा. त्याला सावल्या दिसतात, चाहूल लागते, जवळ कुणी असलं की डोकं दुखतं. ताकी तोरू हिला काहीच दिसत नाही. पण तिचे आजोबा योकाईंचा अभ्यास करत आणि त्यांच्या कागदांतून तिला एक वर्तुळ सापडलं. ते जमिनीवर काढलं आणि योकाई त्यात उभा राहिला तर कुणालाही दिसतो. रेषा पुसली की गेला. मांत्रिकांच्या जगात हे वर्तुळ निषिद्ध मानलं जातं, आणि ते काढल्याची किंमत ताकी दुसऱ्या सीझनच्या ६व्या एपिसोडमध्ये मोजते. एका योकाईने तिला शाप दिलेला असतो, आणि ती ज्याचं नाव घेईल त्याच्यावर तो उलटणार असतो. म्हणून ती महिनोनमहिने कुणाशी बोलत नाही. अनवधानाने ताकाशीचं नाव तिच्या तोंडून जातं आणि तोही त्यात ओढला जातो.

दृष्टी जाऊही शकते. पहिल्या सीझनच्या ८व्या एपिसोडमधल्या माणसाला एकेकाळी योकाई दिसत, एक दिवस दिसेनासे झाले. त्याच्यावर जीव लावणारी योकाई त्यानंतरही त्याच्या शेजारी बसून असते. काजवा झाली तर ती त्याला दिसेल, पण काजव्याचं आयुष्य काही दिवसांचं. ती तेच निवडते.

ताकाशीची अडचण नेमकी उलटी आहे. वरच्या दर्जाचे योकाई माणसाचं रूप इतकं हुबेहूब घेतात की त्याला फरकच कळत नाही. रस्त्यात भेटलेल्याशी बोलावं की नाही, हे ठरवताना तो आधी बाकीचे लोक त्या माणसाकडे बघताहेत का ते पाहतो. लहानपणी हे जमत नसे, म्हणून तो वेडा ठरला.

मांत्रिक चांगले की वाईट?

नातोरी शुइची प्रसिद्ध अभिनेता आहे आणि आडून मांत्रिकी करतो. त्याच्या अंगावर पालीच्या आकाराचा डाग सरपटत फिरतो. आजवर तो डाव्या पायावर कधी गेला नाही, हे त्याला अस्वस्थ करतं. कागदी बाहुल्यांची माळ आणि ताब्यात ठेवलेले तीन योकाई (हिइरागी, उरिहिमे, सासागो) ही त्याची साधनं. तो ताकाशीची काळजी करतो, पण योकाईंवर विश्वास ठेवत नाही. पहिल्या भेटीत आवडत नाही, नंतर आवडतो, असा बहुतेकांचा अनुभव.

मातोबा सेइजी वेगळा. तिसऱ्या सीझनमध्ये तो येतो. जुन्या मातोबा घराण्याचा हा प्रमुख उजवा डोळा मंत्र लिहिलेल्या कागदाखाली झाकतो. पूर्वजाने एका योकाईची मदत घेताना उजवा डोळा द्यायचं कबूल केलं आणि शब्द मोडला. तेव्हापासून तो योकाई प्रत्येक पिढीच्या प्रमुखाचा डोळा मागायला येतो. मातोबाच्या हाताखालचे योकाई म्हणजे वापरून टाकायची वस्तू. त्याला खलनायक म्हणणं सोपं आहे. पण त्याच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या माणसं वाचवलेली आहेत, आणि मालिका हे लपवत नाही. ताकाशीला त्याच्याशी वाद घालताना पुरेसे शब्द सापडत नाहीत, ते याचमुळे.

पडताळायला एक प्रसंग: पहिल्या सीझनच्या ९व्या एपिसोडमध्ये, तेव्हा अजून त्याच्या ताब्यात नसलेल्या हिइरागीचा बंदोबस्त करायला ताकाशी मदत करेल असं नातोरी गृहीत धरतो. तिथून ताकाशी दर वेळी काय सांगतो आणि काय गाळतो, ते बघत जा. वहीबद्दल तो फार काळ अवाक्षर काढत नाही.

दुसऱ्या एपिसोडमधला त्सुयुकामी खरा देव होता का?

नव्हता, आणि तो स्वतःच तसं सांगतो. तो बेघर योकाई होता. रिकाम्या देवळीत येऊन राहिला. दुष्काळात गावकऱ्यांनी तिथे हात जोडले, योगायोगाने पाऊस पडला, लोक नैवेद्य आणू लागले आणि तो मोठा होत गेला. भक्त आटले तसा आक्रसला. ताकाशीला भेटतो तेव्हा तो तळहातावर मावेल एवढा आहे, कारण हाना नावाची एकच म्हातारी उरली आहे. ती गेल्यावर तोही जातो.

हे लेखिकेने हवेतून आणलेलं नाही. ज्यांची पूजा थांबली ते देव योकाई होतात, अशी मांडणी जपानी लोकपरंपरेचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी केली होती. इथे तोच रस्ता उलट दिशेनेही चालून दाखवला आहे: योकाईचा देव, देवाचं काहीच नाही.

यातले मंत्र, कागद, वर्तुळं खरी आहेत का?

काही सामग्री खरी, विधी कल्पित. टाळी शिंतो देवळातली आहे. तिथे साधारण दोनदा वाकतात, दोन टाळ्या वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात. मंत्र लिहिलेल्या कागदी पट्ट्या, कागदी बाहुल्या, बंधनाची दोरी हेही प्रत्यक्षात आहे. योकाई ताब्यात ठेवण्याची कल्पना ओन्म्योदो या जुन्या विद्येतून येते. ती एकेकाळी दरबाराची अधिकृत विद्या होती, मेइजी सरकारने १८७० मध्ये तिच्यावर बंदी आणली. मालिकेतले मांत्रिक घराण्यांत विभागलेले, लपूनछपून काम करणारे आणि अनुयायी कमी होत चाललेले दिसतात, त्यामागे ही पार्श्वभूमी ठेवून पाहिली तर चित्र जुळतं.

नाव परत करण्याचा विधी मात्र कुठल्याही देवळात सापडणार नाही.

रेइको चांगली होती का?

तिने पैजा जिंकल्या, नावं घेतली आणि पुष्कळांना पुन्हा कधी हाकच मारली नाही. काही योकाई त्या हाकेची वाट बघत वर्षं घालवतात. ते चिडतात ते नाव घेतल्यामुळे नाही, तर बोलावलं नाही म्हणून. दुसरीकडे, हातात बॅट घेऊन रानात फिरणाऱ्या त्या मुलीशी बोलणारं माणूस एकही नव्हतं. ताकाशी तिच्यासारखा दिसतो, म्हणून योकाई त्यालाच रेइको समजतात. मधली पन्नास-साठ वर्षं त्यांच्या हिशेबात नाहीत. ती लहान वयात गेली, हे कित्येकांना ताकाशीकडूनच कळतं.

पाचव्या सीझनपासून चित्रं वेगळी का वाटतात?

स्टुडिओ बदलला. पहिले चार सीझन ब्रेन्स बेसने केले, पाचव्यापासून शुका या स्टुडिओने. तिथले लोक मूळ ब्रेन्स बेसमधूनच आलेले, म्हणून फरक आहे पण तुटक नाही. रंग थोडे स्वच्छ, रेषा नेमक्या. पहिल्या सीझनची धुरकट जलरंगी पार्श्वभूमी ज्यांच्या मनात बसली आहे त्यांना दोन-तीन भाग जड जातात. ओमोरी ताकाहिरो या मूळ दिग्दर्शकाचा हात पुढेही राहिला आणि संगीत योशिमोरी माकोतो यांचंच आहे.

कथा घडते ते गाव खरं आहे का? जाता येतं का?

मालिकेतल्या गावाला नाव दिलेलं नाही, पण दृश्यं क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातल्या हितोयोशी आणि आसपासच्या परिसरावरून घेतली आहेत. लेखिका मिदोरिकावा युकी त्याच प्रांतातल्या. कुमा नदी, भाताची खाचरं, अरुंद दगडी पायऱ्यांची देवळं, हे सगळं तिथे ओळखू येतं.

जपानमध्ये राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी: ४ जुलै २०२०च्या पुरात कुमा नदीने हितोयोशीचं अतोनात नुकसान केलं. यात्सुशिरोहून नदीकाठाने येणारा हिसात्सु रेल्वेमार्ग तेव्हापासून बंद पडला. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतली 'कुमामोतोहून थेट रेल्वेने' ही सूचना धरून चालू नका. कुमामोतोहून एक्स्प्रेसवेने जाणारी बस हा भरवशाचा मार्ग. गावाबाहेरच्या देवळांसाठी गाडी लागते, गावातलं चालत होतं. आओई आसो हे देऊळ मालिकेसाठी नाही तरी बघाच: १६१० ते १६१३ या काळातली, गवताने शाकारलेली उंच छपरं, २००८ पासून राष्ट्रीय ठेवा.

रस्त्याकडेच्या देवळ्या लोकांच्या रोजच्या पूजेच्या आहेत. त्यांच्यासमोर न्यांको सेन्सेईची बाहुली ठेवून फोटो काढायचा मोह होतो. बाहुली हातात धरून, थोडं लांबून काढा. आत काही ठेवू नका, आतलं काही हलवू नका. घरांचे आणि शाळकरी मुलांचे फोटो नकोत.

सातवा सीझन संपला. मांगा कुठून वाचायला घेऊ?

पहिल्या खंडापासून. मांगा २००३ पासून सुरू आहे, तीसहून अधिक खंड झाले आहेत, इंग्रजी आवृत्ती विझ मीडिया काढते. 'ॲनिमे जिथे थांबलं तो खंड' असा एक खंड सांगता येत नाही, कारण मालिकेने प्रकरणं पुढेमागे करून घेतली आहेत आणि मधली काही सोडली आहेत. मधूनच घ्याल तर पाहिलेली गोष्ट पुन्हा वाचाल आणि न पाहिलेली हुकेल. सुरुवातीच्या काही खंडांत चित्रांच्या चौकटी इतक्या विरळ आणि रेषा इतक्या फिकट आहेत की कोण बोलतंय हे पटकन कळत नाही. संवादाच्या फुग्याची शेपटी कुणाकडे वळते ते बघत, उजवीकडून डावीकडे, सावकाश वाचा. पुढे हात बसतो.